उजवा हात वर

८ एप्रिल १९६८, पेण

टिपणीस मालकांनी ही डायरी दिली. रोह्याला त्यांच्या छापखान्यात जानेवारीपासून पडून होती. म्हणाले, महिपती, यात कथानकं टिपत जा, आयत्या वेळी माझ्या तोंडाकडे बघत बसतोस. मला कथानकं डायरीत सुचत नाहीत, डोळे आखताना सुचतात. पण फुकटची वस्तू कोरी ठेवणं माझ्याच्याने होत नाही.

मी गणपतीच्या कारखान्यात आखणी करतो, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवतो. एका साच्यातले सगळे गणपती सारखेच दिसतात. डोळे आखले की मग प्रत्येक जण वेगळा बघायला लागतो. हे काम करून करून माझी नजर अशी झाली आहे की माणसाच्या डोळ्यांवरून त्याच्या पोटातलं कळतं. अजून तरी कोणी मला फसवलेलं नाही.

उरलेल्या वेळात टिपणीसांच्या 'दरारा' मासिकासाठी रहस्य चित्रकथा काढतो. सध्या 'काळ्या मास्तरची वरात' चालू आहे. काळा मास्तर बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो. तो वाजवायला लागला की अख्खा मांडव भान विसरतो आणि तेवढ्यात त्याची टोळी लग्नघरातली कपाटं साफ करते. वाजंत्री माणसाला खलनायक करायची कल्पना माझी. मला ही माणसं पहिल्यापासून आवडत नाहीत. घर ना दार, दुसऱ्याच्या लग्नात नटून पुढे चालायचं आणि नवऱ्यामुलाच्या आधी पंगतीला बसायचं.

चेहरा मात्र मालूने सांगितला. मालू माझी बायको, निडीची. तिने चित्रकथा कधी वाचली नव्हती. पण दिवाळीत मी पहिल्या भागाची पेन्सिल धरली, तर तांदूळ निवडता निवडता शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, डाव्या भुवईत एक खोक दाखवा. दाखवली. मग म्हणाली, एक खांदा उतरता असू दे. मग हनुवटीला खळी. आणि वाद्य धरताना उजवा हात वर, डावा खाली. डोळे तेवढे मी माझ्या मनाने काढले. माणूस असा उभा राहिला की टिपणीस म्हणाले, हा रस्त्यात भेटला तर मी वाट बदलेन.

बायकोच्या डोक्यात एवढं असेल असं वाटलं नव्हतं.

१९ एप्रिल

रोह्याला जाऊन आलो. तिथे एक बँडवाला पत्रिका छापायला आला होता. तो 'दरारा' बघून हसला म्हणे. क्लॅरोनेटवर डावा हात वर असतो, तुमच्या चित्रकाराने उलटा काढलाय, असा वाजवणारा जन्मात पाहिला नाही. टिपणीस म्हणाले, पुढच्या भागापासून सुधार.

घरी येऊन मालूला हे सांगितलं तर तिने हातातला पळा खाली ठेवला. म्हणाली, "उजवा हात वरच राहू द्या." का, तर तो चोर आहे ना, चोर चार लोकांसारखं कशाला धरेल? मुद्दा बिनतोड आहे. तसंच ठेवतो. पण तिने तो फार पटकन काढला, जसा काही पदराला बांधूनच ठेवला होता.

जेवताना तिने विचारलं, आपलं मासिक सुरतेला जातं का? मनमाडला? म्हटलं, जातं, एसटी स्टँडवर आणि रेल्वेच्या स्टॉलवर असतं. त्यावर तिने मला न मागता आणखी भात वाढला. बायकोला माझ्या नावाचं कौतुक आहे असं समजून मी तो खाल्ला.

२८ एप्रिल

हैबतराव आले होते, मालूचे चुलते. आईबाप गेल्यावर त्यांनीच तिला वाढवलं. बरोबर पोह्यांची पिशवी. पोहे देऊन झाले, चहा झाला, तरी उठेनात, तेव्हाच ओळखलं की काहीतरी काढणार.

विषय मालूच्या भावाचा. गोविंदा नाव. मी त्याला पाहिलेला नाही. माझ्या लग्नाआधीच तो मुंबईला जाऊन बोटीवर खलाशी म्हणून लागला आणि पुन्हा त्याची ना चिठ्ठी ना निरोप. त्याची बायको बायजा निडीला हैबतरावांच्याच घरात राहते, शेतात राबते आणि कपाळभर कुंकू लावते. आता बारा वर्षं होत आली. आपल्याकडे बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही, की तो गेला असं धरून पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. मग बायकोने कुंकू पुसायचं, बांगड्या उतरवायच्या. हैबतरावांचं म्हणणं, यंदा पितृपक्षात ते उरकून टाकू. घरात पोरं आजारी पडतात, भटजी म्हणतात, कोणाचा तरी जीव घुटमळतोय.

मला विचारलं, तर मी म्हटलं, रीत आहे ती पाळावी. दर्यात गेलेल्या माणसाची वाट किती बघायची?

मालू आत गेली. थोड्या वेळाने भाकरी करपल्याचा वास आला. तिची भाकरी कधी करपत नाही. 

५ मे



रामवाडीला लग्न होतं. बँड बाहेरचा, नाशिककडून आणलेला. वरात हमरस्त्यावरून वळली आणि पोरं ओरडायला लागली, "काळा मास्तर, काळा मास्तर." मला वाटलं माझं कौतुक चाललंय. मान उंच करून बघितलं, तर लाल कोट घातलेला माझा काळा मास्तर समोरून चालत येत होता.

तसाच. डाव्या भुवईत खोक. एक खांदा उतरता. हनुवटीला खळी. आणि क्लॅरोनेटवर उजवा हात वर, डावा खाली.

चेहऱ्यासारखे चेहरे असतात. पण उलट्या हाताने वाजवणारा, तो रोह्याचा बँडवाला म्हणाला होता, जन्मात पाहिला नाही. पोरं त्याच्याकडे बोट दाखवत होती आणि तो चिडत नव्हता. वाजवणं थांबलं तेव्हा त्याने एका पोराच्या हातातलं 'दरारा' मागून घेतलं, पानं उलटली, आणि मांडवाच्या खांबाला टेकून कितीतरी वेळ बघत राहिला. मग त्या पोराला पैसे देऊन अंक खिशात घातला.

मी मालूला काही सांगितलं नाही. हा माणूस मी कधी पाहिलेला नाही. म्हणजे तिने पाहिला आहे. नुसता पाहिला नाही, चांगला निरखून पाहिला आहे.

६ मे

कारखान्यात गोदूबाई माझ्या समोर बसतात, अंगाचा रंग त्यांच्याकडे. आमच्यात सगळ्यांत जुन्या, तोंडाने फटकळ. त्यांच्या नातवाचा 'दरारा' त्यांनी दुपारच्या सुट्टीत हातात घेतला आणि म्हणाल्या, "महिपती, त्या चोराला आपल्या मालूचे डोळे कशाला रे लावलेस?"

मी हसलो. मग अंक घेऊन उजेडात धरला. पापणीची कड बाहेरून जरा खाली येते, बुबूळ वरच्या पापणीला किंचित झाकलेलं. खरंच मालूचे डोळे. मी काढले आणि मलाच कळलं नाही.

यावर दिवसभर विचार केला. एकच अर्थ निघतो. ज्या चेहऱ्याचा तिला एवढा ध्यास, तो चेहरा ती सांगत असताना मी तिच्याकडे बघत होतो. तिच्या डोळ्यांत तो होता, तो माझ्या हातातून कागदावर उतरला. टिपणीसांच्या कथेत असतं तर म्हटलं असतं, फारच ओढूनताणून. पण माझी नजर मला फसवत नाही.

१४ मे

मालूवर लक्ष ठेवून आहे. पाणी भरायला जाते, वेळेवर येते. देवळात जाते, वेळेवर येते. हे वेळेवर येणंच मला खटकतं.

सहज विचारल्यासारखं विचारलं, तुला बँड आवडतो का गं? ती केस विंचरत होती. फणी थांबली. म्हणाली, लहानपणी ऐकला असेल. मी म्हटलं, परवा रामवाडीला मोठा बँड आला होता. तिने विचारलं, "कुठला?" मी म्हटलं, मला काय माहीत, मी बँडवाल्यांची चौकशी करत नाही. तिने पुढे काही विचारलं नाही. विचारायचं होतं, हे स्पष्ट दिसत होतं.

२७ मे

आज तो कारखान्यात आला.

मी दारापाशी उजेडाला बसलो होतो. लाल कोट नव्हता, साधा सदरा, बगलेत वाद्याची काळी पेटी. 'दरारा' काढून म्हणाला, "रामवाडीच्या पोरांनी इकडे पाठवलं. ही चित्रं कोण काढतो?" म्हटलं, मी. तो माझ्याकडे बघत राहिला, जणू कुठे पाहिलंय ते आठवत होता. मग विचारलं, "हा चेहरा तुम्हाला कोणी सांगितला?"

मी म्हटलं, स्वप्नात दिसला.

"आणि उजवा हात वर, हे पण स्वप्नात?"

आवाज गोड होता, तेच वाईट.  मग तो जरा वाकला आणि हळूच म्हणाला, "निडीची मालू तुमच्या ओळखीची हाय का?"

परक्या बाईचं माहेरचं नाव एक बँडवाला असं घेतो. माझ्या बायकोचं. तेवढ्यात मला त्याच्या सदऱ्याच्या खिशातली कागदाची पुडी दिसली, एका बाजूने फाटलेली, आत हिरव्या बांगड्या. माझ्या डोक्यात जे झालं ते लिहिता येत नाही. मी ब्रश पाण्यात बुडवला आणि शांतपणे म्हटलं, "होती ओळखीची. गेली ती. पटकीत."

तो म्हणाला, "कधी?"

"झाली चार वर्षं."

"आणि घरची?"

"कोणी राहिलं नाही. घर बंद आहे."

तो पेटी पोटाशी धरून उभा राहिला. मी मूर्तीकडे बघून आखायला लागलो. गोदूबाई नेमक्या मागे विहिरीवर गेल्या होत्या, नाहीतर त्यांनी माझं बिंग तिथेच फोडलं असतं. वर बघितलं तेव्हा तो रस्त्याला लागला होता, स्टँडकडे. तो खांदा आणखी उतरलेला.

असा काटा मुळापासून काढावा लागतो. मी बरोबर केलं.

३० मे

बरोबरच केलं. पण मालू समोर भात वाढते आणि मला आठवतं की मी तिला पटकीने मारलं. काल ती दोनदा शिंकली, तर मी आलं घालून काढा करायला लावला. तिला नवल वाटलं. म्हणाली, आज फार काळजी.

मी म्हटलं, नवरा आहे, करायला नको?

९ जुलै

टिपणीस म्हणतात, काळ्या मास्तरला गणपतीच्या अंकात संपव. लोकांना शेवट हवा. चांगला जोरदार मार.

घरी हे सांगितलं. मालू भांडी घासत होती. राखेचे हात तसेच घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "त्याला मारू नका." मी विचारलं, का? "मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. एवढं ऐका. तुरुंगात टाका, पळवून लावा. मारू नका."

खरंच हिने कधी काही मागितलं नाही. ना साडी, ना डोरलं. लग्नाला सात वर्षं झाली आणि पहिल्यांदा पदर पसरला तो एका बँडवाल्यासाठी. मी म्हटलं, मालकांचा हुकूम आहे. तिचे डोळे भरून आले आणि ते मी नीट बघितले. आता शंकेला जागाच नाही.

१२ जुलै

मारला. कुंडलिका नदीच्या पुरात. आधी क्लॅरोनेट वाहत जातं, मग कोट, शेवटच्या चौकटीत पाण्यावर फक्त एक हात, उजवा. असं काम माझ्या हातून आजवर झालेलं नाही. टिपणीसांनी पाठ थोपटली.

४ ऑगस्ट

गेल्या आठवड्यात अंक आला. मी मुद्दाम ओट्यावर उघडा ठेवला. मालूने बघितला, मिटला, कोनाड्यात देवाशेजारी ठेवला. रडली नाही, भांडली नाही. संध्याकाळी म्हणाली, निडीला बायजावहिनीकडे जाते चार दिवस, विधीच्या आधी तिच्याजवळ कोणी असावं.

निडी म्हणजे रोह्याच्या वाटेवर, आणि रोह्याला बँड उतरतात. गोदूबाईंना विचारलं, जाऊ देऊ का? त्या म्हणाल्या, "बायकोला माहेरी जाऊ देताना गावात विचारत फिरणारा नवरा मी पहिलाच बघते." जाऊ दिलं. दोन दिवसांनी मागोमाग जाऊन लांबून बघून आलो. दोघी नणंद-भावजया भाताची बेणणी करत होत्या, चिखलात वाकून. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. परतीच्या बसमध्ये मला माझी थोडी लाज वाटली, पण नागोठणं येईपर्यंतच.

२५ ऑगस्ट

कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. होड्यांतून, ट्रकांतून मूर्ती चालल्या आहेत. आज शेठनी मला बाजूला बोलावलं आणि विचारलं, तब्येत बरी आहे ना? मग त्यांनी मीच आखलेल्या रांगेतले गणपती मला दाखवले. सगळ्यांची पापणी बाहेरून खाली आलेली, बुबूळ वर झाकलेलं. गणपती प्रसन्न दिसायला हवा, हे वाट बघत बसलेले दिसत होते. सगळे डोळे पुसून पुन्हा आखले.

१८ सप्टेंबर, निडी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

विधी ओढ्याकाठी होता. मालू आणि मी सकाळच्या बसने आलो. हैबतरावांनी पळसाची पानं आणून ठेवली होती. भटजी एकेक पान देठाला देठ बांधून हात, पाय, छाती लावत होते. डोक्याच्या जागी नारळ. डोळ्यांच्या जागी कवड्या लावतात, पण हैबतराव म्हणाले, "कवड्या कशाला, आपला जावई सगळ्या मुलखाच्या गणपतीचे डोळे आखतो. त्याच्या हातून होऊ दे. पोराला तेवढा मान मिळू दे."  कठोर माणूस आहे, पण पुतण्यासाठी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी ब्रश आणला नव्हता. काडीला कापूस गुंडाळला, काजळ घेतलं. नारळ मांडीवर घेऊन बसलो. जरा वेळ घालवायचा म्हणून विचारलं, दिसायला कसा होता?

 मालू जमिनीकडे बघत होती. मग बायजा बोलली. ती शेवटचं कुंकू लावून, हातभर बांगड्या घालून बसली होती, बाजूला कासाराची म्हातारी त्या उतरवायला थांबलेली.

"डाव्या भुवईत खोक व्हती," ती म्हणाली. "लहानपणी इळा लागलेला. अन् एक खांदा उतरता, पान्याच्या कावडीनं."

माझ्या हातातली काडी थांबली.

"पावा वाजवायचे बांधावर बसून. कुनी शिकवलं नाय, म्हनून हात उलटे. उजवा वर. मंग बँडवाल्याकडनं तो काळा पावा आनला, त्यो पन तसाच. मामंजी बोलले, वाजवायचं आसंल तर आमच्या लेखी तू मेलास. म्हनून गेले."

हैबतरावांनी तोंड फिरवलं. भटजी म्हणाले, बोटीवर गेला होता ना?  शेतकऱ्याच्या घरातला पोरगा बँडमध्ये गेला, हे सांगायला लाज वाटली म्हणून बोट. मालूला माझ्याकडे देतानाही तीच बोट.

मी नारळाकडे बघत होतो. काजळ लावायचं बाकी होतं, पण मला डोळे दिसत होते. पापणीची कड बाहेरून खाली. एका आईचे डोळे दोघांना. गोदूबाईंना एका नजरेत दिसलं ते मला दिसलं नाही, आणि मी नजरेच्या गोष्टी करतो.

मी नारळ खाली ठेवला. म्हटलं, "हा विधी करू नका. तो जिवंत आहे. मे महिन्यात माझ्याशी बोलला."

मग सगळं सांगितलं. पटकीचंही. सांगताना मालूकडे बघायची हिंमत झाली नाही. हैबतराव उठून माझ्या अंगावर आले आणि मध्येच थांबले, त्यांना स्वतःचंच बोलणं आठवलं असावं. त्यांनी त्याला एकदा मारलं होतं, आणि मी त्याच्यासाठी या सगळ्यांना मारलं.

बायजा एवढंच म्हणाली, "बारीक झालेत का?"

मी म्हटलं, नाही, बरे आहेत. ती म्हणाली, "आता कसं वाजवतात?"  रामवाडीला मी फक्त त्याचे हात बघितले, ऐकलं काहीच नाही.

तिने कासाराच्या म्हातारीला घरी जायला सांगितलं आणि पुतळ्याची पानं एकेक करून सोडवायला लागली.

२० सप्टेंबर

मालू बोलत नाही. आज एकदाच बोलली, पण सगळं बोलली.

म्हणाली, लग्न होऊन आले त्याच आठवड्यात दारावरून वरात गेली. तुम्ही म्हणालात, वाजवणाऱ्या माणसाला घरात पाणीसुद्धा देऊ नये. मग मी कोणत्या तोंडाने सांगणार? तुम्ही त्या चोराची चित्रं काढायला बसलात, तेव्हा वाटलं, दादाचा चेहरा गावोगावच्या स्टॉलवर लागेल. तो कुठेतरी बघेल. चोर तर चोर. उजवा हात बघून ओळखेल की हे घरातल्याच कोणीतरी सांगितलंय. आणि तो आला. तुमच्या दारापर्यंत आला.

मी म्हटलं, मी त्याला शोधून आणतो. ती म्हणाली, कुठून? त्याला परत यायला आता आहे कोण, तुम्ही तर आम्हाला सगळ्यांना जाळून मोकळे झालात.

हे खरं आहे. पेणेपासून मनमाडपर्यंत प्रत्येक बँडला विचारत गेलो तरी ज्याला परतायचं नाही तो कसा सापडणार?

२९ सप्टेंबर

टिपणीसांना म्हटलं, काळा मास्तर बुडाला नाही. ते म्हणाले, वा, लोक तेच ओरडताहेत, दिवाळी अंकाला टाक. मला एवढंच हवं होतं.

आज निडीला गेलो आणि बायजाला ओसरीवर समोर बसवलं. आजवर मी कोणाला समोर बसवून चित्र काढलं नव्हतं, सगळे चेहरे साच्यातले नाहीतर ऐकीव. ती संकोचली, पदर पुढे ओढायला लागली. म्हटलं, वहिनी, जशा आहात तशाच बसा. कपाळावरच्या बटा पांढऱ्या झाल्या आहेत, डोळ्यांखाली उन्हाच्या रेघा. काही झाकलं नाही, काही सुधारलं नाही. कुंकू मोठं आहे, तेवढंच काढलं.

कथा अशी केली: काळा मास्तर पुरातून वाचतो, चोरी सोडतो, चालत चालत एका गावाच्या दगडापाशी येतो. दगडावर लिहिलं आहे, निडी. शेवटच्या चौकटीत दारात ही बाई उभी. खाली एक अक्षर लिहिलं नाही. टिपणीस म्हणाले, यात रहस्य काय? म्हटलं, तो घरात जातो की नाही.

२६ ऑक्टोबर

अंक येऊन आठवडा झाला. कोणी नाही. मालू स्टँडवर सुटणाऱ्या प्रत्येक बसचा भोंगा ऐकते. मीही ऐकतो, पण तसं दाखवत नाही.

९ नोव्हेंबर

तो आज आला.

कारखान्यात काम नाही, मी घरीच ओट्यावर बसून पेन्सिलीला टोक करत होतो. समोर पेटी खाली ठेवल्याचा आवाज आला. हातात दिवाळी अंक, शेवटचं पान दुमडलेलं. त्याच्या तोंडाकडे बघायला मला धीर झाला नाही, म्हणून त्याच्या चपलांकडे बघितलं.

"बायजाचे केस पिकलेले काढलेत तुम्ही," तो म्हणाला. "आठ दिवस बघतोय. मेलेली माणसं पिकत नाहीत."

 मी आत हाक मारली, "मालू, बाहेर ये."

ती आली, हाताला पीठ. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, तेच डोळे तिकडे आणि तेच इकडे. तो मटकन ओट्यावर बसला. तिने त्याच्या डोक्यावर पिठाचा हात ठेवला आणि तोही रडला, तीही रडली, आणि मी टोक केलेल्या पेन्सिलीला पुन्हा टोक करत राहिलो. जरा शांत झाल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं. तेव्हा मालू म्हणाली, "दादा, यांना काही बोलू नकोस. मी सगळं बोलून झाले आहे."

तिने त्याला पाणी दिलं. पेला मी आणून दिला.

दुपारच्या बसने निडीला गेलो. ते दोघं पुढे, मी मागे, मांडीवर त्याची पेटी. हैबतराव अंगणात भात वाळवत होते. पुतण्याला बघून त्यांनी सुपडं ठेवलं आणि त्याच्या हातातून पिशवी घेऊन स्वतः आत नेली.

बायजा दारात आली, उंबऱ्याच्या आतच उभी राहिली. गोविंदाने खिशातून पुडी काढली. तीच, मेमधली. फाटलेल्या बाजूला दोरा बांधलेला. घर बंद आहे, कोणी राहिलं नाही, असं ऐकूनही त्या बांगड्या त्याने टाकल्या नव्हत्या. मी मान खाली घातली.

बायजाने एक बांगडी घेतली, हाताला लावून बघितली. जाईना. मालूने साबणाचं पाणी आणलं, दाबून बघितलं. अंगठ्याच्या मुळाशी अडली. बारा वर्षांच्या इळ्याने आणि चिखलाने हात रुंद झाला आहे, आणि त्याला लग्नातला हात आठवत होता. तो ओशाळून म्हणाला, बदलून आणतो, पेणेला जाऊन लगेच येतो. आणि उठलाच.

बायजाने बांगड्या पुन्हा पुडीत बांधल्या, पुडी कमरेला खोचली आणि पायात वहाणा सरकवल्या.

"बदलायच्या तर मी पन येते," ती म्हणाली. "तुमाला एकल्याला आता नाय सोडायची."

बस पाच वाजता होती. मी चौघांची तिकिटं काढली.